तिकोनी इंजानाचा गुणाजी

गुणाजी वैती इंजिनाला आधी शिवी द्यायचा, मग हात लावायचा.

कोलशेतच्या पुढं खाडीला चिकटून खाजणपाडा नावाची कोळ्यांची वस्ती आहे, तिथला हा माणूस. होडीचं इंजिन बसलं की तिचा मालक, नाखवा, त्याच्या दारात यायचा. गुणाजी लगेच उठायचा नाही. आधी चहा मागवणार. मग नाखव्याच्या बापापासून सुरुवात. "तुजा बापूस वल्ही मारून मेला, त्या बरा झाला. त्याचे हातात इंजान असता त त्यानं त्याला भाकर चारली असती." पोरं गोळा व्हायची, हसायची. नाखवा खाली मान घालून ऐकायचा, कारण गरज त्याची. एवढं झालं की गुणाजी उठायचा. बांबूच्या काठीचं एक टोक चालत्या इंजिनाला लावायचा, दुसरं दातात धरायचा, डोळे मिटायचा आणि काय मोडलंय ते सांगायचा. खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा बरोबर निघायचं. हात होता त्याला. पण हात होता म्हणून तोंड सुटलं होतं.

बायको शालन. ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. गुणाजीनं एकदा कालवणात आंबट जास्त झालं म्हणून पाना फेकून मारला होता, ते बोट परत सरळ झालं नाही. ती त्याच वाकड्या बोटानं जिताडं धरायची आणि कापायची. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायची, "मासा चावला."

खाजणपाड्याच्या जमातीचा म्होरक्या दामाजी पाटील. नव्वद साली पावसाळा संपता संपता दामाजीच्या होडीचं इंजिन बंद पडलं आणि त्यानं गुणाजीला बोलावलं. दामाजी काही खाली मान घालणारा नव्हता. काठावर चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर तो बोलला, "गुनाजी, आज तोंड कमी चालव. हात चालव."

गुणाजी काहीच बोलला नाही. तिथंच माणसांनी ओळखायला पाहिजे होतं. त्यानं इंजिन खोललं. शेवटच्या नटापर्यंत खोललं, सगळे भाग काठावर गोणपाटावर मांडले, हात धुतले आणि घरी जाऊन जेवायला बसला. दामाजीचा माणूस धावत आला तर त्याला म्हणाला, "जा, सांग पाटलाला. इंजान तोंडानं जोरून घे म्हनावा."

त्या दुपारी भरती आली आणि खारं पाणी गोणपाटावरून गेलं. दामाजीची होडी सगळा हंगाम काठावर पालथी पडून राहिली.

जमात बसली आणि गुणाजीला वाळीत टाकला. वाळीत म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक. विस्तव नाही, पाणी नाही, बोलणं नाही, मयताला खांदा नाही. जो त्याच्याशी बोलेल तोही बाहेर. दामाजीनं वर आणखी एक घातलं, की खाडीत बुडताना दिसला तरी हात द्यायचा नाही. शालनला पंचांनी विचारलं, तू कुठं? शालननं पाटी डोक्यावर घेतली, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बापाच्या घरी गेली आणि दाराची कडी घातली. एवढंच तिचं उत्तर.

गुणाजी आंबिवलीला आला. तिथं स्टेशनच्या मागं एक बंद पडलेली भातगिरण होती. ती सुधीर आगाशे नावाच्या माणसानं भाड्यानं घेतली होती आणि आत तो विमान बांधत होता.

हो, विमान. सुधीर ठाण्याचा, नौपाड्यातला, मोठ्या कारखान्यात इंजिनियर. तरुणपणी विमान चालवायला शिकलेला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, एकामागं एक अशा दोन माणसांच्या जागा. पंख काढता यायचे. टेम्पोत घालून ते कल्याणच्या पलीकडं, मलंगगडाच्या पायथ्याकडं न्यायचं, तिथं इंग्रजांच्या वेळची एक पडकी धावपट्टी होती, तिच्यावर गुरं बसायची. परवानगी-बिरवानगी काही नाही. फक्त इंजिन नीट चालेना, आणि कुणीतरी सुधीरला सांगितलं की काठी चावून इंजिनाचं दुखणं सांगणारा एक कोळी आहे, हल्ली रिकामा आहे.

सुधीर काही देवमाणूस नव्हता. घरून आलेला डबा एकटा खायचा आणि उरलेलं झाकणात काढून पायानं गुणाजीकडं सरकवायचा. मित्र आले की, "हा माझा मच्छीवाला डॉक्टर. दाखव रे गुणाजी, काठी चाव." गुणाजी काठी चावायचा. मित्र पोट धरून हसायचे. ज्या माणसानं खाजणपाड्यात कुणाची एक उलट गोष्ट ऐकून घेतली नाही, तो इथं गोणपाटावर झोपत होता आणि माकडासारखा काठी चावत होता.

कारण एकच. त्याला शिमग्याच्या दिवशी खाजणपाड्यावरून उडायचं होतं. शिमग्याला होड्या सजवून, पताका लावून सगळी वस्ती काठावर येते. पंच खुर्च्या टाकून बसतात. त्यांच्या डोक्यावरून जायचं आणि मासळीची कुजवलेली आतडी, पाटीभर, दामाजीच्या लाल टोपीवर ओतायची. ज्यांनी त्याला खाली ढकललं त्यांना त्यानं वरून काय दिलं, हे सगळ्या खाडीनं बघायचं. सुधीरनं मागच्या जागेवर बसवायचं कबूल केलं होतं. "इंजिन बरं कर. मग बस माझ्यामागं, टाक काय टाकायचं ते. मला काय."

आता इंजिनाचं. ते होतं एका जपानी मोटारीचं, मुंबईत दारूखान्यातल्या भंगारबाजारातून आणलेलं. त्यात खालीवर होणारे पिस्टन नव्हते. आत दोन खोल्या, प्रत्येक खोलीत एक लोखंडी तिकोन, तो गरागरा फिरणार आणि त्याच्या कोपऱ्यांत पेट्रोल जळणार. खोल्या आणि मधल्या चकत्या एकावर एक थर लावल्यासारख्या रचलेल्या, आरपार लांब बोल्टांनी आवळलेल्या. प्रत्येक थरात रबराची बारीक रिंग. रिंगेच्या आत आग, बाहेर पाणी. ते पाणी सगळ्या इंजिनाभोवती फिरून रेडिएटरमध्ये गार व्हायचं आणि परत यायचं. सगळं बंद, वर टाकी आणि तिच्यावर दाबाचं झाकण.

दुखणं असं की थोडा वेळ चाललं की पाण्याच्या दाबाचा काटा तांबड्यात जायचा आणि टाकीच्या बाजूच्या नळीतून औषध घातलेलं हिरवं पाणी भळाभळा बाहेर. गरमीचा काटा मात्र जागेवर.

गुणाजीनं पहिल्या दिवशी काठी लावली. होडीचं इंजिन ठोके देतं, एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. हे नुसतं गुरगुरत होतं. दातांत सगळी झिणझिण, कळलं काहीच नाही.

"काय म्हणतोय पेशंट?" सुधीरनं विचारलं.

"झाकन खराब हाय," गुणाजीनं ठोकून दिलं.

झाकण बदललं. तेच. मग रेडिएटर तुंबला म्हणाला. रेडिएटर साफ झाला, तेच. मग पाण्यात हवा अडकली म्हणून इंजिनाचं तोंड वर करून हवा काढली. मग गरम झालं की पाण्याची वाट उघडणारी झडप काढून चहाच्या पातेल्यात उकळून बघितली, ती नीट उघडत होती. महिने गेले. दर वेळी काटा तांबड्यात, आणि दर वेळी सुधीर हसायचा. "डॉक्टर, काठी बदल. ही कडू असेल."

गुणाजीच्या डोक्यात होतं ते होड्यांचं. होडीचं इंजिन खाडीतलं पाणी एका बाजूनं ओढतं, दुसऱ्या बाजूनं टाकतं. होडीच्या कुशीतून ती धार पडताना दिसली की होडी हाकणारा तांडेल निवांत. तिथं पाणी कोंडत नाही, आणि कोंडलं तर इंजिन मेलंच. जन्मभर त्याचं निदान हेच, पान्याला वाट द्या. सुधीरनं त्याला सांगितलं होतं, "अरे, कुकर पाहिलाय ना? पाणी दाबात ठेवलं की लवकर उकळत नाही. आपल्याला दाब हवाच आहे, जास्तीचा नको." गुणाजीनं मान हलवली होती. मनात म्हणाला, यो भात शिजवतं का इमान उरवतं?

माजिवड्याला पोपट नावाचा रेडिएटरवाला होता. शालनचा सख्खा भाऊ. खाजणपाड्याचाच, पण धंद्यासाठी नाक्यावर टपरी टाकलेली. रेडिएटर त्याच्याकडूनच साफ झाला होता, टेम्पोवाल्याच्या हातानं. शिमगा जवळ आला तेव्हा गुणाजीनं त्याला आंबिवलीला बोलावणं धाडलं. वाळीत टाकलेल्याचा निरोप. पोपट भीत भीत आला, टॉवेल तोंडावर घेऊन.

"भावजी, कोनाला कलला त मना पन टाकतील," तो दारातच बोलला.

"तुना टाकून काय, तू हायेस कवरा? इंजान बग."

पोपट मऊ माणूस. त्यानं इंजिन बघितलं, विचारलं, "कवा चालवलंय?"

"काल."

"म्हंजे गार हाय. झाकन लाव आन् चालू कर."

चालू केलं. पोपट काट्यावर नजर ठेवून, एक हात टाकीवर ठेवून उभा राहिला. टाकी अजून माठासारखी गार, आणि काटा उठला. उठला तो सरळ वर.

"भावजी, हात लाव. पानी गार हाय. मंग त्याला ढकलतं कोन?"

पोपटनं बाजूच्या नळीचं टोक पाण्यानं भरलेल्या बाटलीत बुडवलं. बाटलीत बुडबुडे. एकामागं एक, इंजिनाच्या गुरगुरीला धरून. पोपटनं इंजिन जोरात केलं तर बुडबुडे जोरात, हळू केलं तर हळू.

"ही आग हाय," पोपट म्हणाला. "रिंग फुटलंय. आतली आग पान्यान येतंय, म्हनून दाब. झाकन नाय न् काय नाय. सगला थर खोलाया लागंल, नवी रिंग टाकाया लागंल. सायबाला सांग, जपानावरशी मागवाया लागंल."

म्हणजे महिने. म्हणजे शिमगा गेला. आणि शिमगा वर्षानं येतो, तोवर सुधीर ह्याला ठेवणार होता थोडाच.

"कोनाला बोलू नको," गुणाजी म्हणाला.

"सायबाला नाय सांगायचा? भावजी, मानूस वर जानार हाय त्याचेन. मी सांगतंव त्याला, तुना नको वाटत आसंल त."

इंजिन आता चांगलं तापलं होतं. गुणाजीनं हाताला फडकं गुंडाळलं. पोपट वाकून बाटली उचलत होता. गुणाजीनं टाकीचं झाकण त्याच्या बाजूनं उघडलं.

कोंडलेलं पाणी कसं येतं ते सांगायला नको. पोपटच्या छातीवर, गळ्यावर, डाव्या हातावर आलं. तो गिरणीच्या जमिनीवर लोळला, ओरडला, सदरा अंगाला चिकटलेला. गुणाजीनं झाकण परत लावलं आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसला.

"जा पोलिसान. जा जमातीन. काय सांगशील? वालीत टाकलेल्याकरं गेल्तू, त्याचेशी बोल्लू, त्याचा काम केला? बोल, सांगशील?"

पोपट सांगू शकत नव्हता. सगळ्यांना म्हणाला, टपरीत रेडिएटर फुटला. शालन त्याला बघायला गेली, तेव्हा तिलाही तेच. जखम कुठल्या आकाराची, झाकण कुठून उघडलं असेल, हे सगळं तिला दिसत होतं. तिनं पाटी उचलली आणि बाजाराला गेली.

गुणाजीनं मग आपला इलाज केला. टाकीच्या मागच्या अंगाला, जिथं बघायला कुणी वाकत नाही, भोक पाडलं. त्यात होडीच्या इंजिनाचा छोटा पितळी नळ बसवला आणि त्याला रबरी नळी लावून ती विमानाच्या पोटाखाली नेऊन सोडली. नळ थोडासा उघडा. काटा बघत बघत नळ इतका आवळला की काटा बरोबर हिरव्यात उभा राहिला. आगीचा दाब येणार तेवढा नळीतून जाणार, बरोबर थोडं पाणीही जाणार. दर वेळी इंजिन बंद झालं की तो टाकी गुपचूप भरून ठेवायचा. त्याला स्वतःलाच पटलं होतं की हे बरं झालं. पाण्याला वाट मिळाली. अर्धं पटलं होतं म्हणा. दुसरं अर्धं त्यानं बघितलं नाही.

सुधीरनं हिरव्यातला काटा बघितला आणि टाळी वाजवली. "काय केलंस?"

"हवा कोंडलेली, काढली."

"मग गार इंजिनावर बुडबुडे बघायला हवेत एकदा. रिंग तर नाही ना गेली?"

म्हणजे सुधीरला परीक्षा ठाऊक होती. पुस्तकात होती.

"बगला मी. एक बुडबुडा नाय."

सुधीरनं एक क्षण त्याच्याकडं बघितलं. त्यालाही उडायचंच होतं. "बघ हां. तू बसणार आहेस माझ्यामागं."

"बसतंय क."

सुधीरनं पुन्हा विचारलं नाही.

शिमग्याच्या सकाळी विमान त्या पडक्या धावपट्टीवर उभं राहिलं. गुरं हाकलली. गुणाजी मागं बसला, मांडीवर झाकलेली पाटी. आतली आतडी आठवडाभर उन्हात कुजवलेली. सुधीरनं नाक दाबलं, शिव्या दिल्या आणि इंजिन चालू केलं. उडालं हो. खरंच उडालं. खाली डोंबिवलीच्या चाळी आणि नवीन उठलेल्या इमारती, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, मग खाडी. सुधीरनं खाडी धरली आणि पश्चिमेला वळला. गुणाजी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या वर होता. तो हसत होता, वाऱ्यानं दात सुकले तरी हसत होता.

खाली रेतीच्या होड्या दिसायला लागल्या तेव्हा सुधीर ओरडला, "दाब पडतोय!"

"परू दे! चांगला हाय!"

काटा हिरव्यातून खाली, खाली, तळाला. सुधीरनं दुसऱ्या काट्याकडं बघितलं. गरमी आधी चढली होती, ती आता उतरत होती. "गरमी पण कमी होतेय," तो ओरडला, आणि त्याचा आवाज मोकळा झाला. "ठीक आहे!"

गुणाजीनं कडेनं वाकून खाली बघितलं. विमानाच्या पोटाखालच्या नळीतून पांढरी वाफ यायची, ती थांबली होती. होडीच्या कुशीतली धार थांबली की काय होतं, हे खाजणपाड्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टाकीत पाणी उरलं नव्हतं. गरमी मोजणारं टोक पाण्यात बुडालेलं असतं तोवर काटा खरं बोलतो, आता ते टोक रिकाम्या टाकीत लोंबकळत होतं.

डाव्या हाताला मोकळी भातखाचरं होती. कापणी होऊन सुकलेली, सपाट. सुधीरच्या खांद्यावर थाप मारून सांगितलं असतं तर तिथं उतरता आलं असतं. पण पुढं वळणावर पताका दिसत होत्या. लाल, पिवळ्या. काठावर माणसं मुंग्यांसारखी, आणि खुर्च्यांची ओळ.

गुणाजी गप्प बसला. थोडंच उरलंय, म्हणाला, आणि पाटीवरचं फडकं सोडलं.

इंजिन गुरगुरायचं थांबलं आणि किंचाळलं. मग एकदम विमानाचा पुढचा पंखा काठीसारखा आडवा थांबला. वाऱ्याचा आवाज तेवढा उरला. खालून माणसांचा ओरडा ऐकू आला. सुधीर मागं वळून काहीतरी बोलत होता. गुणाजी पाटी धरून अर्धा उठला आणि त्यानं ती ओतली. अजून काठ यायचा होता, पण त्याला वाटलं आता नाही तर कधीच नाही. वाऱ्यानं सगळी घाण मागं फेकली, थोडी विमानाच्या शेपटीवर, बाकीची त्याच्या स्वतःच्या तोंडावर. आणि विमानाचं नाक झुकलं तशी पाटी सुटून पुढं आदळली ती सुधीरच्या डोक्यावर, नेमकं जेव्हा त्याला खाली बघायचं होतं.

ओहोटी सरली होती, भरती नुकती लागत होती. काठापुढं सगळा रेंदा उघडा. विमान त्या गाळात नाक खुपसून पडलं. तापलेलं इंजिन पाण्याला लागलं आणि सगळीकडं वाफ झाली. इंजिन मागं सरकून सुधीरच्या पायांवर आलं होतं. गुणाजी उडून बाजूला पडला, कमरेपर्यंत रेंद्यात, आणि त्याचा खुबा मोडला. गाळातून निघायला पाय लागतात.

होड्या आल्या. चार माणसांनी सुधीरला पहारीनं सोडवून होडीत घेतला. त्याच्या पायांकडं बघून एकानं तोंड फिरवलं. ती होडी लगेच गेली. दुसरी होडी गुणाजीजवळ आली, वल्हं पोचेल एवढ्या अंतरावर थांबली. तिच्यात दामाजी होता, नवी लाल टोपी घालून.

"दामाजी, वला दे."

कुणी हललं नाही. वाळीत टाकलेल्याशी बोलायचं कसं? दामाजीनं तोंड दुसरीकडं केलं आणि पाण्याला उद्देशून बोलला. "खाडीबाय, तुना इचारतंव. यो इंजान कनाला बंद परला?"

होडीतली माणसं हसली. काठावरचीही हसली असतील.

"जपानी माल खराब," गुणाजी म्हणाला.

"खाडीबाय, यो खोटा बोलतं," दामाजी म्हणाला. "थांबू आपन. पुनवेचा उधान हाय."

पाणी छातीला आलं. पुनवेची भरती चढते ती पावलापावलानं नाही, धावत येते.

"सायबानं पानी कमी टाकला!"

तांडेलानं होडी हातभर मागं घेतली. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा गुणाजी रडला नाही, पण त्याचा आवाज फाटला.

"रिंग फुटलेली! आतली आग पान्यान येत होती! मीच टाकीला भोक पारला!"

"खाडीबाय, काठावर ऐकू नाय गेला."

"मना ठावं होता!" गुणाजी जीव खाऊन ओरडला. "रिंग फुटलेली मना ठावं होता! पोपट्यानं दावला होता मना! बाटलीन बुडबुडे दावले!"

दामाजीनं हात केला. वल्हं पुढं आलं. गुणाजीनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि माणसांनी त्याला जाळ्यातल्या माशासारखा फरफटत होडीत ओढला. त्याच्या मोडलेल्या खुब्याकडं कुणी बघितलं नाही. दामाजी मात्र काठाकडं बघत होता. तिथं गर्दीत, शालनच्या शेजारी, शिमग्यासाठी आलेला पोपट उभा होता, गळ्याची गुंडी उघडी, खालची कातडी अजून लाल.

"पोपट," दामाजीनं होडीतूनच हाक मारली. "तू गेल्तास क याचेकरं?"

पोपटनं घाईनं गळ्याची गुंडी लावली. तेवढं पुरे झालं. बाजूची माणसं त्याच्यापासून सरकली. शालनसुद्धा एक पाऊल सरकली.

वल्हं दिलं तिथंच गुणाजीचं वाळीत असणं संपलं. जमातीनं त्या दिवशी एक माणूस आत घेतला आणि एक बाहेर टाकला.

सुधीरचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. परवानगी नव्हती म्हणून त्यानं तोंड उघडलं नाही, आणि पोलीस आले तेव्हा खाजणपाड्यात कुणी काही बघितलं नव्हतं. पोपटनं पुढं माजिवड्याची टपरी विकली आणि तो भिवंडीकडं कुठं गेला. त्याच्या आईच्या मयताला त्याला निरोप गेला नाही.

गुणाजी जगला. एक पाय आखूड झाला. त्याला वाटलं होतं, आत घेतलं म्हणजे झालं, चार दिवस हसतील, मग इंजिन बसलं की येतीलच दारात. कुणी आलं नाही. सगळ्या काठानं त्याच्या तोंडून ऐकलं होतं की ह्याला दुखणं ठाऊक असतं आणि हा वेगळंच सांगतो. असल्या माणसाच्या इंजिनावर खाडीत कोण जाईल? नाखव्यांनी दिवा गावाहून एक पोऱ्या आणला, तो गुणाजीच्या निम्मंसुद्धा शिकलेला नव्हता. त्याच्या हातानं इंजिनं बंद पडायची, परत चालू व्हायची, परत बंद पडायची. गुणाजी ओट्यावर बसून लांबून ऐकायचा आणि ओरडायचा, "नोझल बग, नोझल!" पोऱ्या हातातला पाना आणखी जोरानं वाजवायचा.

शेवटी शालननं त्याला घरात घेतला. फुकट नाही. तिच्या पाट्या जड झाल्या होत्या, आणि वाकड्या बोटाच्या हातानं आता वजन पेलवत नव्हतं. गुणाजी लंगडत तिच्या मागून ठाण्याच्या बाजारात जायचा, बर्फाची पाटी डोक्यावर, पाणी गळ्यावरून ओघळत. संध्याकाळी खवलं झाडायचा. मेला अठ्ठ्याण्णव साली, तोवर हेच.

एकदा बाजारात एका बाईनं जिताडं घेता घेता त्याच्याकडं बघितलं आणि शालनला विचारलं, "कोण ग हा? नवरा का तुझा?"

शालननं कोयत्यावरून नजर उचलली नाही.

"नाय गो बाय. पाटी उचलाया ठेवलाय."

गुणाजी तिथंच उभा होता. त्यानं पाटी उचलली.